ट्रकमध्ये बदल करणं आणि प्रयोग रचणं: फोर्ड रॅप्टरचं उदाहरण

पीएचडीच्या तयारीत असलेली ज्युनिअर मंडळी मला अधूनमधून आपली प्रपोजल वाचायला पाठवतात. विषय वेगवेगळे असतात, पण एक वाक्य जवळपास प्रत्येकात सापडतं: 'आम्ही अमुक घटक बदलू आणि परिणाम किती सुधारतो ते पाहू.' वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण मुलाखतीला बसलेली समिती नेमकी तिथेच थांबते आणि चार प्रश्न विचारते:

१. सुधारला म्हणजे कशाच्या तुलनेत?
२. तेवढाच एक घटक बदलला, बाकी काही बदललं नाही, हे कशावरून?
३. मोजायचं साधन त्या बदलामुळेच चुकीचं दाखवायला लागलं नाही ना?
४. या सुधारणेची किंमत दुसरीकडे कुठे मोजावी लागली?

हे प्रश्न पुस्तकी व्याख्यांतून समजत नाहीत. म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेते: वाळवंटात वेगाने चालवण्यासाठी बनवलेला पिकअप ट्रक आणि त्यात मालक मंडळी करत असलेले बदल. माझा विषय दाणेदार पदार्थ, म्हणजे वाळू, धान्य, पावडर यांची भौतिकी. मी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पीएचडी करते, वाळवंट जवळ आहे आणि लॅबमधल्या एका सहकाऱ्याकडे असा ट्रक आहे. त्याची नोंदवही बघितल्यावर मला वाटलं, प्रयोगाची रचना शिकवायला यापेक्षा चांगलं साहित्य शोधून सापडणार नाही.

आधी गाडीची ओळख

फोर्ड एफ-१५० हा अमेरिकेतला रोजच्या कामाचा पिकअप. २०१० या मॉडेल वर्षापासून फोर्डने त्याचं 'रॅप्टर' नावाचं रूप विकायला काढलं. चाकांमधलं अंतर जास्त, बॉडी रुंद, टायर मोठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सस्पेंशनचा प्रवास लांब. प्रवास म्हणजे चाक पूर्ण खाली लोंबल्यापासून पूर्ण वर दाबलं जाईपर्यंत किती हलू शकतं ते अंतर. पहिल्या पिढीत पुढच्या चाकांना ११.२ इंच आणि मागच्यांना १२.१ इंच होतं. २०१७ च्या दुसऱ्या पिढीत ते १३ आणि १३.९ इंच झालं. इंजिन ३.५ लिटरचं, दोन टर्बोंचं, ४५० हॉर्सपॉवरचं. वजन साधारण २६०० किलो.

हे सगळं कशासाठी? मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यत होते. तिथल्या आणि अमेरिकेच्या वाळवंटी वाटांवर उंचवट्यांच्या लांबच लांब रांगा असतात, त्यांना तिकडे 'व्हूप्स' म्हणतात. त्या रांगांवरून वेगात जाताना गाडी हातात राहावी हा रॅप्टरचा मूळ हेतू. आपल्याकडे ही गाडी कंपनी अधिकृतपणे विकत नाही. पण इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेऊन त्यात बदल करणारे लोक आपल्याकडेही आहेत आणि खाली जे सांगते ते तिथेही लागू पडतं.

टायर मोठा केला, की मोजपट्टीही बदलली

रॅप्टरचा कंपनीचा टायर ३१५/७० आर १७, म्हणजे नाममात्र ३५ इंच व्यासाचा. बहुतेक मालकांना पहिली हौस असते ती ३७ इंचांची. उंची वाढते, खडकावरून चाक सहज चढतं, दिसायलाही रुबाबदार. आता गंमत बघा. एकच गोष्ट बदलली असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात किती बदललं?

३७ भागिले ३५ म्हणजे १.०५७. चाकाच्या एका फेरीत गाडी ५.७ टक्के जास्त अंतर जाते. स्पीडोमीटर मात्र फेऱ्याच मोजतो. त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०६ ने धावत असते. एक्सलचं गुणोत्तर ४.१० होतं, ते प्रभावीपणे ३.८८ झाल्यासारखं वागतं, म्हणून पिकअप थोडा मंदावतो. ब्रेक तेवढाच टॉर्क देतो, पण त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवर लागणारं बल साधारण साडेपाच टक्क्यांनी घटतं. चाक जड होतं आणि ते वजन परिघाजवळ असल्यामुळे फिरवायलाही जास्त जोर लागतो. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन वाढल्यामुळे शॉकवरचं काम वाढतं. स्टेपनी जागेवर बसते का, हा प्रश्न वेगळाच.

पण संशोधकाच्या दृष्टीने यातला सगळ्यात धोकादायक भाग मायलेजचा आहे. समजा आधी १०० किलोमीटरला १५ लिटर पेट्रोल लागायचं. मोठे टायर बसवल्यावर खरोखर १५.६ लिटर लागायला लागलं. म्हणजे मायलेज जवळपास ४ टक्के घसरलं. पण १०० किलोमीटर अंतर गेल्यावर ओडोमीटर फक्त ९४.६ दाखवतो. त्या आकड्याला १५.६ ने भागलं तर घसरण ९ टक्के दिसते! अर्ध्याहून जास्त 'परिणाम' गाडीत नाहीच, तो मोजपट्टीत आहे.

तिसरा प्रश्न म्हणतात तो हाच. आपण केलेला बदल मोजमापाच्या साधनातच शिरला. प्रयोगशाळेत हे रोज घडतं. द्रावणाचं तापमान वाढवलं आणि आपला सेन्सरही तापमानाला संवेदनशील निघाला. सर्वेक्षणाची भाषा सोपी केली आणि त्यामुळे उत्तर देणारा गटच बदलला. उपाय साधा असतो, पण तो बदल करण्याआधी सुचायला हवा. ट्रकच्या बाबतीत टायरला खडूची खूण करायची, गाडी सपाट जमिनीवर एक पूर्ण फेरी होईल इतकी ढकलायची आणि टेपने अंतर मोजायचं. नाममात्र ३५ इंचांचा टायर मापांवरून काढला तर ३४.४ इंचच भरतो, आणि वजनाखाली आणखी दबतो. म्हणून डब्यावरचा आकडा नाही, आपण मोजलेला आकडा वापरायचा. मग कंट्रोल युनिटमध्ये टायरचं नवं माप भरून घ्यायचं, किंवा अंतर जीपीएसने मोजायचं.

नवा शॉक आणि थकलेली बेसलाइन

आता पहिला प्रश्न. शॉक अॅब्सॉर्बर हे नाव जरा फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक त्या स्प्रिंगची उसळी शमवतो. आत तेल असतं, पिस्टन असतो, पिस्टनला बारीक वाटा असतात. त्यातून तेल ढकलताना गतिज ऊर्जेची उष्णता होते. रॅप्टरच्या शॉकमध्ये 'इंटर्नल बायपास' आहे: पिस्टन मधल्या भागात असताना तेलाला जादा वाटा मोकळ्या असतात, टोकाकडे जाताना त्या बंद होत जातात. त्यामुळे लहान खड्ड्यांवर गाडी मऊ चालते आणि मोठ्या उडीनंतर टोकाला घट्ट होते.

हे शॉक झिजतात. सील सैल होतात, तेल जुनं होतं, मागे भरलेल्या नायट्रोजनचा दाब उतरतो. ही घसरण इतकी हळू होते की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही. मग एक दिवस मालक बाजारातला महाग सेट बसवतो आणि वाळवंटातून परतल्यावर सगळ्यांना सांगतो, 'जमीन-अस्मानाचा फरक आहे.'

फरक असेलच. पण तुलना कशाशी झाली? नव्या शॉकची तुलना वर्षानुवर्षं चालून थकलेल्या शॉकशी. कंपनीचेच शॉक उघडून, सील आणि तेल बदलून, नायट्रोजन भरून बसवले असते तरी मोठा फरक जाणवला असता, आणि खर्च बराच कमी आला असता. बरं, शॉक बदलताना गॅरेजवाल्याने झिजलेले बुशही बदलले आणि अलाइनमेंटही केलं. म्हणजे तीन गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला मिळालं.

संशोधनात याला दुबळी बेसलाइन म्हणतात, आणि हा रोग चांगल्या चांगल्या पेपरांत असतो. आपली नवी पद्धत महिनाभर घासूनपुसून तयार करायची आणि जुनी पद्धत जशी सापडली तशी, कसलंही ट्यूनिंग न करता, शेजारी उभी करायची. आपली जिंकणारच! म्हणून प्रपोजलमध्ये 'प्रचलित पद्धतीशी तुलना करू' एवढं लिहून थांबू नका. 'प्रचलित पद्धत तिच्या उत्तम अवस्थेत आणून तुलना करू' असं लिहा, आणि ती उत्तम अवस्था कशी आणणार तेही लिहा. ते एक वाक्य समितीला खूप काही सांगून जातं.

सहकाऱ्याच्या नोंदवहीतली मला आवडलेली गोष्ट हीच. त्याने पहिला बदल करण्याआधी कित्येक महिने फक्त देखभाल केली. प्रत्येक सहलीनंतर गाडी खालून धुवायची. शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओलावा आहे का बघायचं. सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटलंय का, बॉल जॉइंटला खेळ आलाय का, हे तपासायचं. एअर फिल्टर झटकायचा किंवा बदलायचा. चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे. पाण्यातून गेला असेल तर डिफरन्शियलचं तेल थोडं काढून रंग पाहायचा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, किलोमीटर, हवेचा दाब. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण देखभाल म्हणजे बेसलाइन हलू न देणं. ज्याची बेसलाइनच महिन्यामहिन्याला सरकतेय त्याने केलेल्या कुठल्याही बदलाला अर्थ नाही.

सकाळी जुनं, दुपारी नवं

समजा बेसलाइन पक्की आहे आणि एकच गोष्ट बदलायची आहे. तरीही सापळा आहे, आणि तो दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

एक ढोबळ हिशेब करू. व्हूप्सवर एका शॉकचा सरासरी रोध २००० न्यूटन आणि पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर गुणाकार १००० वॅट. घरातली एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं, आणि तेही प्रत्येक चाकाला. तेल तापतं, पातळ होतं, रोध घटतो. याला 'फेड' म्हणतात. शॉक जाड करणं, तेलासाठी वेगळी टाकी जोडणं, हे सगळे उपाय मुळात ही उष्णता सामावून घ्यायला आणि बाहेर टाकायला केलेले आहेत.

आता कल्पना करा. सकाळी थंड तेलावर जुनी सेटिंग तपासली, दुपारी तापलेल्या तेलावर नवी. दुपारी गाडी मऊ वाटली. हे सेटिंगमुळे की तेलामुळे? शिवाय टायरमधली हवाही सकाळची राहिलेली नाही. सकाळी १० अंश सेल्सिअसला ३६ पीएसआय भरली असेल, तर टायर ४० अंशांवर गेल्यावर तोच टायर ४१ च्या पुढे दाखवतो. हे अकरावीच्या वायुनियमातलं गणित आहे, फक्त दाब वातावरणासकट आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका.

उपाय असा: जुनी सेटिंग, मग नवी, मग पुन्हा जुनी. तिसऱ्या फेरीत जुन्या सेटिंगचा निकाल पहिल्या फेरीइतकाच आला, तर मधला फरक सेटिंगचा मानायला हरकत नाही. नाही आला, तर काहीतरी सरकतंय आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. अनेक फेऱ्या शक्य असतील तर क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. प्रयोगशाळेत सगळे कंट्रोल नमुने सोमवारी आणि सगळे टेस्ट नमुने गुरुवारी चालवणाऱ्या मित्रांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

दुसऱ्या पिढीच्या रॅप्टरमध्ये २०१९ पासून शॉकच्या झडपा इलेक्ट्रॉनिक झाल्या. सेन्सर बघून गाडी स्वतःच रोध कमीजास्त करते. इंजिनचं कंट्रोल युनिटही पेट्रोलच्या दर्जानुसार स्वतःला जुळवून घेतं. म्हणजे आपण एक बदल केला की यंत्रणा त्याला उत्तर देते, आणि आपल्याला दिसतो तो दोघांचा मिळून परिणाम. जीवशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांतल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तुमच्या यंत्रणा तर नेहमीच उत्तर देतात.

आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली?

इंजिनात जास्त हवा जावी म्हणून वेगळा इन्टेक बसवणं हा लोकप्रिय बदल. बसवला की आवाज भरदार होतो आणि चालवणाऱ्याला गाडी जोरात ओढतेय असं वाटतं. अमेरिकन मंडळी या अंदाजाला थट्टेने 'बट डायनो' म्हणतात, म्हणजे बुडाखालचा ताकदमापक.

खरा डायनो रोलरवर ताकद मोजतो. पण तिथेही थंड, दाट हवेत इंजिन जास्त ताकद देतं. म्हणून एसएई जे१३४९ सारख्या मानकानुसार आकडा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून मांडतात. हिवाळ्यातल्या नव्या आकड्याची उन्हाळ्यातल्या जुन्या आकड्याशी, ही दुरुस्ती न करता केलेली तुलना निरर्थक.

जिथे यंत्राने मोजता येत नाही, उदाहरणार्थ 'गाडी आरामदायी वाटते का', तिथे काय करायचं? चालवणाऱ्याला कळूच द्यायचं नाही. एकाने टायरची हवा भरायची आणि आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवायचा. दुसऱ्याने चालवून गुण द्यायचे. डॅशबोर्डवर टायरचा दाब दाखवणारा पडदा असतो, तो आधी पुठ्ठ्याने झाकायचा! सगळ्या फेऱ्या संपल्यावर पाकीट उघडायचं. औषधांच्या चाचण्यांत जी अंधचाचणी करतात तिचं हे पार्किंगमधलं रूप. खर्च शून्य, आणि किती 'जाणवलेले' फरक गळून पडतात ते बघण्यासारखं असतं.

इंच कुठून आले?

चौथ्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे गाडीचं नाक उचलणं. कंपनीतून येताना पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी खाली असते. ती वर आणायला पुढच्या शॉकवरची स्प्रिंगची बैठक हलवतात. गाडी समतल दिसते, जमिनीपासूनचं अंतर वाढतं.

पण शॉकची लांबी तीच आहे. एकूण प्रवास १३ इंच होता, १३ च राहिला. समजा आधी गाडी उभी असताना चाकाला खाली जायला ५ इंच आणि वर जायला ८ इंच शिल्लक होते. आता नाक दोन इंच उचललं, तर खाली ३ आणि वर १०. नवे इंच कुठून आले नाहीत, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. चाक खळग्यात उतरताना आता लवकर टोकाला आपटतं. सीव्ही जॉइंट जास्त तिरक्या कोनात फिरतो, त्यामुळे झीज वाढते. अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं. हे वाईट आहे असं नाही. ज्याला खडकांवर हळू चढायचंय त्याला हा सौदा परवडेल, ज्याला व्हूप्सवर वेगात जायचंय त्याला महाग पडेल. म्हणजे 'सुधारणा' हा शब्द काम सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

टायरमधली हवा कमी करण्याचंही तसंच. एका चाकावर ६५० किलो भार धरला, तर ३६ पीएसआयला जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने २५७ चौरस सेंटिमीटर, अर्ध्या ए-फोर कागदाहून कमी. दाब अर्धा, १८ पीएसआय, केला की क्षेत्रफळ साधारण दुप्पट, आणि गाडी वाळूत कमी रुतते. टायरच्या कडाही थोडा भार उचलतात, त्यामुळे हा अंदाजच, पण दिशा बरोबर आहे. चाक आणि माती यांचं हे नातं गणितात बसवण्याचं पायाभूत काम पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात केलं. पुढे चंद्रावरच्या बग्गीच्या कामातही त्यांचा हात होता. पण हवा कमी केलेला टायर जोरात वळवला तर रिमवरून निघू शकतो, आणि तसाच हायवेवर पळवला तर त्याच्या कडा तापून फुटू शकतो. म्हणून वाळवंटात जाणारा माणूस कॉम्प्रेसर सोबत ठेवतो. सुधारणा होती, पण फक्त तेवढ्या वाळूपुरती.

काही किंमती तर मालकाच्या वहीत येतच नाहीत. ताकदीसाठी कुणी धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकली, तर त्याला फायदाच दिसतो. तोटा इतरांच्या फुप्फुसात जातो. म्हणूनच अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याने असे बदल बेकायदा आहेत आणि कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या जोडभागाला राज्याच्या मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांनुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. संशोधनात हे काम एथिक्स कमिटी करते. तिचा फॉर्म भरताना आपण कुरकुरतो, पण तिचा प्रश्न एकच असतो: तुमच्या निकालाची किंमत तुमच्या तक्त्याबाहेर कोण मोजणार आहे?

भर घालणं आणि वजा करणं

आतापर्यंत ट्रकवाल्यांकडून शिकलो. शेवटी असं एक काम, जिथे संशोधकांनी नेमकं उलटं केलं.

कच्च्या रस्त्यावर ठरावीक अंतराने लाटा पडतात, कपडे घासायच्या फळीसारख्या. आपल्याकडे खाणीच्या किंवा साखर कारखान्याच्या कच्च्या रस्त्यावर कुणीही पाहिल्या असतील. त्या का पडतात? सहज सुचणारं उत्तर म्हणजे गाडीच्या सस्पेंशनची उसळी. स्प्रिंगची एक लय असते, तीच रस्त्यावर उमटते. कीथ मेदर यांनी १९६३ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये या प्रश्नावर लिहिलं होतं. त्यांनी गोल मार्गावर चाक फिरवून प्रयोग केले होते. पुढे २००७ मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकेल्वेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. फिरणारं गोल टेबल, त्यावर वाळूचा थर, आणि वर एका दांड्याला जोडलेलं साधं चाक. इंजिन नाही, हवेचा टायर नाही, आणि मुख्य म्हणजे स्प्रिंग आणि शॉकही नाही.

तरी लाटा पडल्या. एका ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहायची, त्याच्या वर गेलं की लाटा उठायच्या आणि चाकाच्या दिशेने हळूहळू सरकायच्या. दाणे बदलले तरी लाटा आल्याच, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्येही आल्या. सस्पेंशन असलं तर लाटांचं रूप बदलू शकतं, पण त्या पडण्यासाठी ते लागत नाही. पाण्यावर चपटा दगड भाकरीसारखा उड्या मारत जातो, त्याच्याशी या घटनेचं नातं आहे.

या लोकांनी खरा ट्रक घेऊन, त्याचे शॉक एकामागून एक बदलत बसले असते तर दहा वर्षांतही हे उत्तर मिळालं नसतं. ट्रकवाला वस्तू चांगली करायला भर घालतो. संशोधक कारण शोधायला वजा करतो, आणि काय काढलं तरी घटना टिकते ते बघतो. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण आपण यातलं कुठलं करतोय हे पहिल्या पानावर स्पष्ट हवं. माझ्या वाचनात आलेली निम्मी गोंधळलेली प्रपोजल इथेच गोंधळतात: प्रश्न 'का घडतं' असा असतो आणि योजना 'कसं सुधारू' अशी.

तुमच्या प्रपोजलसाठी

प्रपोजल पाठवण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून बघा.

• माझी बेसलाइन तिच्या उत्तम अवस्थेत आहे का? ती तशी राहावी म्हणून मी दर आठवड्याला काय करणार?
• मी एक बदल केला म्हणतोय, तेव्हा प्रत्यक्षात काय काय बदलतं? टायरची यादी आठवा, निदान पाच गोष्टी निघाल्याच पाहिजेत.
• माझं मोजमापाचं साधन या बदलापासून स्वतंत्र आहे का? नसेल तर खडू आणि टेप कुठे आहे?
• जुनं, नवं, पुन्हा जुनं असं करता येईल का? येत नसेल, म्हणजे बदल उलटवता येत नसेल, तर पर्याय काय?
• निकाल कुणाच्या जाणिवेवर अवलंबून असेल, तर पाकीट कोण सांभाळणार?
• इंच कुठून आले? किंमत कुठे आणि कुणी मोजली?

पहिल्या वर्षाला असताना हे सगळं वेळखाऊ वाटतं, कारण आजूबाजूला सगळे निकाल काढत असतात आणि आपण बेसलाइन धूत बसलेले असतो. फेलोशिपची मुदत मोजकी असते, ही भीती मला कळते. पण तिसऱ्या वर्षी परीक्षकाने 'हा फरक तेलामुळे नाही कशावरून?' असं विचारल्यावर मागे जाऊन सकाळचं तापमान मोजता येत नाही. ते त्या सकाळीच वहीत लिहिलेलं असावं लागतं.

प्रश्न असतील तर खाली विचारा. आपापल्या प्रयोगातला 'टायर' कोणता, तेही लिहा. पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन बोलू.